पॉलिसी ‘गायब’ झाल्यासारख्या वाटतात तेव्हा: एलडॅप पॉलिसी स्टोअरची क्रमवार तपासणी

लक्षणे

कर्मचाऱ्याचे लॉगिन व्यवस्थित होते, पण पुढच्याच पानावर ‘प्रवेश नाकारला’ असा संदेश येतो आणि काल संध्याकाळपर्यंत हेच पान त्याला उघडत असते. प्रशासक पॉलिसी (कोणाला काय उघडू द्यायचे याचा नियम) बदलून जतन करतो, कन्सोलवर ती बदललेली दिसतेही, तरी निर्णय जुन्याच नियमाने होत राहतात. जुन्या पॉलिसी नीट चालतात, मात्र अलीकडे जोडलेल्या काही पॉलिसी जणू अस्तित्वातच नसतात. सकाळची पहिली विनंती बराच वेळ अडकते आणि दुसऱ्या प्रयत्नाला सगळे सुरळीत होते. कधी पॉलिसी सर्व्हर सुरूच होत नाही आणि ‘पॉलिसी स्टोअर उपलब्ध नाही’ एवढी एकच ओळ लॉगमध्ये लिहून थांबतो.

यांपैकी काहीही झाले की पहिला संशय पॉलिसीवर घेतला जातो आणि कोणीतरी नियम उघडून त्यात फेरफार करू लागते. पुण्यात हिंजवडी, खराडी आणि भोसरी परिसरातल्या अनेक ठिकाणी हे सर्व्हर उभारून देण्याचे आणि बिघडल्यावर पाहण्याचे काम मी करत आलो आहे. पॉलिसी स्वतः चुकलेली आहे, असे मला फार थोड्या वेळा आढळले. चुकलेले असते ते डिरेक्टरीने दिलेले उत्तर. प्रवेशाचा निर्णय पॉलिसी सर्व्हर देत असला, तरी ज्या नियमांवरून तो निर्णय देतो ते नियम एलडॅप डिरेक्टरीत, म्हणजे खाती, गट, नियम वगैरे झाडासारख्या रचनेत ठेवणाऱ्या साठ्यात, नोंदींच्या रूपाने ठेवलेले असतात. तो ते वाचतो, मेमरीत धरून ठेवतो आणि त्यावरून उत्तरे देतो. हे वाचन अर्धवट झाले, तर न सापडलेल्या नियमाचा अर्थ ‘परवानगी नाही’ असाच घेतला जातो, आणि सुरक्षेच्या दृष्टीने तसा तो घेतला जाणे योग्यच आहे. मात्र त्यामुळे नकार एका ठिकाणी दिसतो आणि दोष दुसऱ्याच ठिकाणी असतो.

खालचा क्रम मी ओपनएलडॅप हे डिरेक्टरी सर्व्हरचे सॉफ्टवेअर डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. ओपनडीजे किंवा ३८९ डिरेक्टरी सर्व्हर असल्यास सेटिंगची नावे आणि मूळ मर्यादा बदलतील, तपासणीचा क्रम तोच राहील.

कोणत्या खात्याने तपासायचे

ही गोष्ट सर्वांत आधी सांगतो, कारण इथे चूक झाली की पुढची प्रत्येक तपासणी फसवते. डिरेक्टरी उभारताना जे सर्वाधिकारी खाते तयार होते, ज्याला ओपनएलडॅपमध्ये रूटडीएन म्हणतात, त्या खात्याने शोध घेऊन ‘सगळ्या नोंदी तर दिसत आहेत’ असा निष्कर्ष काढू नका. रूटडीएनला डिरेक्टरीचे स्वतःचे प्रवेशनियम (कोणत्या खात्याने कोणती नोंद वाचावी हे ठरवणारे, पॉलिसींहून वेगळे) लागू होत नाहीत आणि शोधाच्या मर्यादाही लागू होत नाहीत. पॉलिसी सर्व्हर ज्या सेवाखात्याने डिरेक्टरीशी जोडला जातो त्याला मात्र हे दोन्ही लागू होतात. त्यामुळे रूटडीएनला दिसणारी आणि पॉलिसी सर्व्हरला दिसणारी डिरेक्टरी एकच असेल याची खात्री देता येत नाही. प्रत्येक चाचणी त्याच सेवाखात्याने, त्याच पोर्टवरून, त्याच बेस डीएनवर (डीएन म्हणजे नोंदीचा पूर्ण पत्ता, बेस डीएन म्हणजे शोध जिथून सुरू होतो तो पत्ता) आणि शक्यतो पॉलिसी सर्व्हरच्याच मशीनवरून घ्यावी. पॉलिसी सर्व्हर स्वतः रूटडीएनने जोडलेला आढळला, तर तो उभारणीतला दोष समजावा आणि आजचा बिघाड निस्तरल्यावर स्वतंत्र खाते तयार करावे.

पाच मिनिटांत होणाऱ्या तपासण्या

प्रथम डिस्कवर जागा आहे का ते पाहावे. भारतात सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस सांभाळावे लागतात. ते डेटाबेसच्याच डिस्कवर साठत राहिले, की एके दिवशी जागा संपते आणि डिरेक्टरीला लिहिता येईनासे होते. अशा वेळी लॉग पुसून जागा करण्याचा मोह टाळावा आणि ते दुसऱ्या डिस्कवर हलवावेत.

त्यानंतर घड्याळ. याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडे हा दोष ठरलेल्या वारी येतो. भोसरी आणि पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक भागात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते आणि वीजदुरुस्तीची कामेही बहुधा त्याच दिवशी काढली जातात. एका कारखान्यातून मला सलग तीन शुक्रवारी सकाळी फोन आला. तिथला सिस्टीम पाहणारा मुलगा काकुळतीला येऊन विचारत होता, “सर, पॉलिसी कोणी उडवल्या का हो?” पॉलिसी जागच्या जागी होत्या. गुरुवारी यूपीएस संपून दोन्ही डिरेक्टरी सर्व्हर बंद पडत होते आणि त्यांपैकी एकाच्या मदरबोर्डवरील छोटी बॅटरी संपलेली असल्यामुळे शुक्रवारी तो कित्येक वर्षे मागची तारीख घेऊन जागा होत होता. त्या तारखेला सर्व्हरचे प्रमाणपत्र अद्याप वैध झालेलेच नव्हते, म्हणून पॉलिसी सर्व्हरला त्याच्याशी सुरक्षित जोडणी करता येत नव्हती. वेळ जुळवणारी सेवा काही वेळाने घड्याळ दुरुस्त करी आणि दुपारपर्यंत सगळे आपोआप चालू होई, त्यामुळे पहिल्या दोन वेळा कोणालाच मूळ कारण सापडले नाही. काही रुपयांच्या बॅटरीने तो बिघाड कायमचा गेला.

घड्याळ महत्त्वाचे असण्याचे दुसरे कारण प्रतिकृतींमध्ये, म्हणजे तीच डिरेक्टरी ठेवणाऱ्या जोडीच्या सर्व्हरमध्ये आहे. ओपनएलडॅप प्रत्येक बदलावर काळाचा शिक्का मारते आणि कोणता बदल नवा हे त्या शिक्क्यावरून ठरवते. घड्याळ मागे असलेल्या सर्व्हरवर केलेला बदल त्यामुळे जुना ठरू शकतो. सर्ट-इनच्या त्याच निर्देशांत एनआयसी (राष्ट्रीय माहितीविज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) वेळ-सर्व्हरशी घड्याळे जुळवण्यास सांगितले आहे. ते सेटिंग सर्व मशीनवर, पॉलिसी सर्व्हरसह, एकसारखे आहे ना ते पाहावे.

मग जोडणी. पॉलिसी सर्व्हरच्या मशीनवरून डिरेक्टरीचे नाव योग्य आयपीकडे जाते का, आणि ३८९ किंवा ६३६ यांपैकी जो पोर्ट वापरात आहे तो उघडा आहे का, हे तपासावे. ६३६ वर जोडणी सुरुवातीपासून टीएलएसमध्ये (एन्क्रिप्ट केलेली) असते, तर ३८९ वर ती साधी सुरू होऊन ‘स्टार्टटीएलएस’ने नंतर सुरक्षित केली जाते. एका बाजूला एक पद्धत आणि दुसऱ्या बाजूला दुसरी लिहिली, की जोडणी कोणताही नेमका संदेश न देता तुटते. प्रमाणपत्राची मुदत पाहावी, आणि कॉन्फिगरेशनमध्ये लिहिलेले सर्व्हरचे नाव प्रमाणपत्रातील नावांशी जुळते का तेही पाहावे. आयपी लिहून जोडलेल्या ठिकाणी प्रमाणपत्र नवे केल्याच्या दिवशी हा दोष उघड होतो. यावर उपाय म्हणून प्रमाणपत्राची पडताळणी बंद करू नये. प्रवेशाचे सगळे नियम याच जोडणीतून जातात.

सेवाखाते: एरर कोड ४९

‘एलडॅपहूअॅमआय’ ही आज्ञा सेवाखात्याचा डीएन आणि पासवर्ड देऊन चालवावी. उत्तरात तोच डीएन परत आला तर खाते ठीक आहे. एरर कोड ४९ आला तर त्याचा अर्थ फक्त ‘पासवर्ड चुकला’ एवढाच घेऊ नये, कारण मुदत संपलेल्या आणि लॉक झालेल्या खात्यालाही ओपनएलडॅप हाच कोड देते. बाहेरच्या माणसाला खात्याची स्थिती कळू नये यासाठी हे मुद्दाम तसे ठेवलेले आहे.

उभारणीनंतर बरोबर तीन महिन्यांनी बिघाड आला असेल, तर पासवर्ड धोरणात कमाल वयाचा आकडा ७७७६००० आहे का ते पाहावे. हे सेकंद आहेत आणि त्यांचे ९० दिवस होतात. माणसांसाठी ठरवलेले धोरण सेवाखात्यालाही लागू झाले, पण सेवाखात्याला मुदतीची सूचना वाचणारे कोणी नव्हते, असा त्याचा अर्थ. सेवाखात्यासाठी वेगळे धोरण करावे, त्यात मुदत शून्य ठेवावी आणि पासवर्ड बदलण्याची तारीख आपल्या कामाच्या दिनदर्शिकेत लिहून ठेवावी.

लॉक झालेले खाते ओळखण्यासाठी नोंद वाचताना आज्ञेच्या शेवटी अधिकचे चिन्ह द्यावे लागते, कारण लॉकची वेळ ज्या अॅट्रिब्यूटमध्ये (नोंदीच्या रकान्यात) असते तो एरवी दाखवला जात नाही. ही तपासणी सेवाखात्याने करता येणार नाही, ती प्रशासकाच्या खात्याने करावी. वरच्या नियमाला एवढाच अपवाद. लॉक काढून पाच मिनिटांत पुन्हा लागला, तर जुना पासवर्ड घेऊन सतत प्रयत्न करणारा दुसरा पॉलिसी सर्व्हर कुठेतरी चालू आहे असे समजावे. तो आधी शोधावा, मग लॉक काढावा. लॉक प्रत्येक प्रतिकृतीवर वेगळा असू शकतो, म्हणून एकाच सर्व्हरवर पाहून समाधान मानू नये.

एक फसवा प्रकार येथेच नोंदवतो. प्रशासकाने पासवर्ड नव्याने दिला आणि ‘पहिल्या वापरात बदलणे सक्तीचे’ असे धोरण असेल, तर बाइंड (डिरेक्टरीत लॉगिन) यशस्वी होते, पण त्यानंतरच्या प्रत्येक शोधाला एरर कोड ५० (परवानगी नाही) मिळतो. लॉगिन झालेले पाहून लोक खात्याकडे पुन्हा वळत नाहीत आणि प्रवेशनियमांत दिवस घालवतात.

बेस डीएन आणि प्रवेशनियम: एरर कोड ३२, ५०, आणि रिकामे उत्तर

नव्या उभारणीत एरर कोड ३२ (अशी नोंद नाही) आला तर बहुधा मुळाची नोंदच तयार केलेली नसते. कॉन्फिगरेशनमध्ये सफिक्स (डिरेक्टरीच्या मुळाचा पत्ता) लिहिला म्हणजे ती नोंद तयार होत नाही, ती स्वतंत्रपणे घालावी लागते आणि तिच्याखाली पॉलिसींसाठीची शाखा. चालत्या सर्व्हरवर अचानक ३२ आला तर मात्र प्रवेशनियमांकडे पाहावे. सेवाखात्याला एखादी नोंद पाहण्याचाच नव्हे, तर ती आहे हे कळण्याचाही अधिकार नसेल, तर ओपनएलडॅप ‘परवानगी नाही’ असे न सांगता ‘अशी नोंद नाही’ असे उत्तर देते. बेसपर्यंत अधिकार आहे आणि त्याखालच्या नोंदींवर नाही, अशा स्थितीत तर कोणतीच एरर येत नाही. शोध यशस्वी होतो आणि शून्य नोंदी मिळतात. पॉलिसी सर्व्हरच्या दृष्टीने ते रास्त उत्तर असते, म्हणून त्याच्या लॉगमध्ये तक्रारीची एकही ओळ सापडत नाही.

नियम वाचताना त्यांचा क्रम पाहावा. ओपनएलडॅप वरून खाली जाते आणि नोंदीला जुळणाऱ्या पहिल्या नियमावर थांबते. संपूर्ण डिरेक्टरीला लागू होणारा व्यापक नियम वर आणि पॉलिसी शाखेचा नेमका नियम खाली असेल, तर खालचा नियम कधीच वाचला जात नाही. शिवाय प्रत्येक नियमाच्या शेवटी ‘इतर कोणालाही काहीही नाही’ हे न लिहिता गृहीत धरलेले असते. उभारणीच्या वेळी एकही नियम नसल्यामुळे सर्वांना वाचता येत होते, आणि नंतर कोणी पासवर्ड झाकण्यासाठी एकच नियम लिहिल्याबरोबर बाकीचे सगळे बंद झाले, हे मी इतक्या ठिकाणी पाहिले आहे, की आता मी आधी ‘अलीकडे कोणता नियम जोडला?’ हेच विचारतो.

पाचशेवर थांबलेली यादी

माझ्या मते या संपूर्ण विषयातला सर्वाधिक त्रासदायक दोष हाच आहे, कारण उभारणीच्या दिवशी तो असतच नाही. ओपनएलडॅप एका शोधाला मुळात ५०० नोंदींपर्यंतच उत्तर देते. पहिल्या वर्षी पॉलिसी, नियम, गट आणि संसाधने मिळून दोन-तीनशे नोंदी असतात आणि सारे ठीक चालते. विभाग वाढतात, नोंदी वाढतात, आणि पाचशेएकावी नोंद ज्या दिवशी पडते त्या दिवशी एक पॉलिसी ‘गायब’ होते. ती कोणती हे नोंदी कोणत्या क्रमाने परत येतात त्यावर ठरते, म्हणून दोष कधी एका विभागाला जाणवतो आणि कधी दुसऱ्याला.

सेवाखात्याने शोध घेऊन आलेल्या नोंदी मोजाव्यात. डिरेक्टरीच्या लॉगमध्ये शोधाच्या निकालाच्या ओळीवर एरर ४ आणि नोंदींची संख्या नेमकी ५०० दिसली, तर पुढे शोधण्याची गरज नाही. सर्व्हरने पाचशे नोंदी दिल्या आणि त्याबरोबर ‘आणखी आहेत, पण मर्यादा संपली’ असेही सांगितले. पॉलिसी सर्व्हरने नोंदी घेतल्या आणि दुसरे वाक्य ऐकलेच नाही. एवढे सिद्ध झाल्यावर सगळ्यांसाठीची मर्यादा उठवू नये. डेटाबेसच्या ‘ओएलसी-लिमिट्स’मध्ये केवळ सेवाखात्याचा डीएन लिहून त्याच्यापुरती मर्यादा काढावी, म्हणजे इतर कोणाला एका फटक्यात सगळी डिरेक्टरी उपसता येणार नाही. ‘नोंदी पानापानाने मागवू’ हा सुचवला जाणारा उपाय इथे पुरत नाही, कारण एकूण नोंदींची मर्यादा पानांच्या बेरजेलाही लागू राहते. बदल केल्यावर पॉलिसी सर्व्हर पुन्हा सुरू करावा, नाहीतर त्याच्या मेमरीत अर्धवट यादीच राहील.

स्कीमा, इंडेक्स आणि डेटाबेसचा आकार

एरर कोड १७ किंवा ६५ हे लिहिताना येतात आणि त्यांचा अर्थ स्कीमा (नोंदीत कोणते रकाने चालतात याची व्याख्या) अपुरा आहे असा असतो. अॅक्सेस मॅनेजमेंटचे सॉफ्टवेअर आपल्या ऑब्जेक्टक्लास (नोंदींचे प्रकार) आणि अॅट्रिब्यूटची जी फाइल देते, ती मुख्य सर्व्हरवर घातली गेली आणि प्रतिकृतीवर राहिली, असे बहुधा झालेले असते. स्कीमा कॉन्फिगरेशनच्या शाखेत राहतो आणि ती शाखा नोंदींबरोबर आपोआप पुढे जात नाही.

मंदपणाची तक्रार असेल तर लॉगमध्ये एखाद्या अॅट्रिब्यूटचे नाव आणि त्यापुढे ‘नॉट इंडेक्स्ड’ हे शब्द शोधावेत. तिथे ज्यांची नावे सापडतील तेवढ्यांचेच इंडेक्स (शोध वेगाने होण्यासाठीच्या सूची) करावेत, कारण प्रत्येक इंडेक्समुळे लिहिण्याचा वेळ वाढतो. ‘स्लॅपइंडेक्स’ ही इंडेक्स बांधणारी आज्ञा वापरायची असल्यास सर्व्हर बंद करूनच वापरावी आणि ज्या युजरने सर्व्हर चालतो त्याच युजरने चालवावी. रूटने (मशीनच्या सर्वाधिकारी युजरने) चालवली, तर फाइलींची मालकी बदलू शकते आणि सर्व्हर पुन्हा उठत नाही.

जुन्या पॉलिसी वाचता येतात पण कोणताही बदल जतन होत नाही आणि एरर कोड ८० येतो, डिस्कवर जागा तर भरपूर आहे, अशी परिस्थिती असेल तर ओपनएलडॅप ज्यात नोंदी साठवते त्या एमडीबी डेटाबेसची कमाल मर्यादा पाहावी. ती ठरवून दिली नसेल, तर अवघी १० एमबी, म्हणजे १०४८५७६० बाइट असते. चार केबीच्या पानांच्या हिशेबाने ही २५६० पाने झाली. ‘एमडीबी-स्टॅट’ ही आज्ञा वापरलेली आणि एकूण पाने दाखवते. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आले, तर आधी ‘स्लॅपकॅट’ने संपूर्ण प्रत काढावी आणि मग मर्यादा एकदाच ऐसपैस वाढवावी. एमडीबीवर स्लॅपकॅट सर्व्हर चालू असतानाही निर्धास्त चालवता येते.

बदल पोहोचत नाही

पॉलिसी बदलली आणि निर्णय जुनाच, या लक्षणाची दोन कारणे मला वारंवार आढळली. पहिले, कन्सोल एका सर्व्हरवर लिहितो आणि पॉलिसी सर्व्हर दुसऱ्या प्रतिकृतीवरून वाचतो, पण त्या दोघांमधली देवाणघेवाण थांबलेली असते. दोन्ही सर्व्हरवर सफिक्सच्या नोंदीतील ‘कॉन्टेक्स्ट-सीएसएन’ (शेवटच्या बदलाचा काळाचा शिक्का) वाचून तुलना करावी. हे शिक्के जागतिक वेळेत असतात. त्यावर ०५१५०० दिसले, तर पुण्यात ते सकाळचे पावणेअकरा असतात. साडेपाच तास न मिळवता ‘प्रतिकृती पहाटेपासून बंद आहे’ असा निष्कर्ष काढल्यामुळे चांगल्या स्थितीतल्या प्रतिकृती पुसून नव्याने उभारल्या गेल्याचे मी पाहिले आहे.

दुसरे कारण मधल्या फायरवॉलचे. काही पॉलिसी सर्व्हर डिरेक्टरीकडे एक जोडणी कायम उघडी ठेवतात आणि बदल झाला की तिच्यावरून सूचना मिळण्याची वाट पाहतात. रात्रभर काहीच हालचाल झाली नाही, तर फायरवॉल ती जोडणी दोन्ही बाजूंना न कळवता विसरून जातो. सकाळची पहिली विनंती अडकण्यामागेही हेच असते. लिनक्समध्ये जोडणी जिवंत असल्याची पहिली तपासणी मुळात ७२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी होते, आणि तीही प्रोग्रामने मागितली असेल तरच. हा कालावधी फायरवॉलच्या मुदतीपेक्षा कमी ठेवावा, किंवा पॉलिसी सर्व्हरमध्ये हार्टबीटचे (जोडणी जिवंत ठेवणाऱ्या नियमित इशाऱ्याचे) सेटिंग असल्यास ते चालू करावे.

कुठे थांबावे

स्लॅपकॅट मध्येच तुटत असेल, तर डेटाबेस फाइलच बिघडलेली असण्याची शक्यता आहे. सर्व्हर थांबवावा, ती फाइल जशीच्या तशी दुसरीकडे नकलून ठेवावी आणि डिरेक्टरीच्या जाणकाराला बोलवावे. दोन सर्व्हरवर लिहिणे चालू आहे आणि प्रत्येकाकडे दुसऱ्याकडे नसलेल्या नोंदी आहेत, अशा वेळी कोणता खरा हे अंदाजाने ठरवून दुसरा पुसू नये. पॉलिसी स्टोअरमधील गुप्त मूल्ये ज्या किल्लीने एन्क्रिप्ट केली आहेत ती किल्ली सापडत नसेल, तर नवी किल्ली तयार करण्याआधी सॉफ्टवेअरच्या अधिकृत सपोर्टशी बोलावे, कारण नव्या किल्लीने जुनी मूल्ये वाचता येत नाहीत.

आणि एखादी पॉलिसी खरोखरच बदललेली किंवा पुसलेली आढळली, पण ते कोणी केले हे कोणालाच सांगता येत नसेल, तर त्या क्षणी दुरुस्ती थांबवावी. हा बिघाड नसून सुरक्षेची घटना असू शकते. लॉगना हात लावू नये आणि संस्थेच्या सुरक्षा अधिकाऱ्याला लगेच कळवावे, कारण सर्ट-इनला द्यायच्या सूचनेसाठी घटना लक्षात आल्यापासून सहाच तास मिळतात.

बाहेरच्या माणसाला बोलावताना स्लॅपकॅटची प्रत, कॉन्फिगरेशन शाखेची प्रत, बिघाडाच्या वेळेचे दोन्ही बाजूंचे लॉग आणि तुम्ही आतापर्यंत केलेल्या बदलांची वेळेनुसार यादी तयार ठेवावी. स्लॅपकॅटच्या प्रतीत सर्व खात्यांच्या पासवर्डचे हॅशही असतात. म्हणून ती ईमेलने किंवा व्हॉट्सअॅपवर पाठवू नये. एन्क्रिप्ट करून द्यावी आणि काम झाल्यावर दोन्हीकडून पुसली गेल्याची खात्री करून घ्यावी.